रविवारची दुपार परत द्या

१९८९ सालच्या सुरुवातीचा कुठलाही रविवार घ्या. सकाळी नऊच्या ठोक्याला दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' लागायचं आणि गल्ल्या ओस पडायच्या. अकरा वाजता श्याम बेनेगलांचं 'भारत एक खोज'. स्वयंपाकघरात पानं वाढायची लगबग सुरू असताना, एकच्या सुमारास, मूकबधिरांसाठी बातम्या. मग दीडच्या सुमारास एखादा कन्नड, बंगाली, आसामी किंवा मल्याळम चित्रपट, पडद्याच्या तळाशी इंग्रजी सबटायटल्ससह. संध्याकाळी मुंबई केंद्राचा हिंदी चित्रपट, त्याला मध्येच थांबवून साडेसातच्या मराठी बातम्या, आणि रात्री पुन्हा दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम. मुंबईसारखी मोठी शहरं सोडली, तर फिरवायला दुसरं बटणच नव्हतं.

या दिवसाबद्दल मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. शेजारच्यांच्या घरी दाटीवाटीने बसणं, गच्चीवर चढून अँटेना फिरवणं, ऐन लढाईत पडद्यावर मुंग्या येणं, 'रुकावट के लिए खेद है' ही पाटी. पण या सगळ्या आठवणी सकाळच्या आहेत, फार तर संध्याकाळच्या. दुपार कुणी आठवत नाही. खरं तर राष्ट्रीय वाहिनी कशासाठी असते, याचं उत्तर त्या रविवारच्या दुपारीच सापडतं. सकाळची लोकप्रियता कुठल्याही धंदेवाईक वाहिनीला मिळवता येते, आणि पुढे त्यांनी ती मिळवलीही. दुपारचे ते दोन-तीन तास मात्र बाजाराने कधी दिले नाहीत, आणि देणारही नाही.

आधी सकाळ, कारण तिचं महत्त्व नाकारण्यात अर्थ नाही. रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका २५ जानेवारी १९८७ ला सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत अठ्ठ्याहत्तर भाग चालली. मालिका उत्तरकांडाआधी संपणार म्हटल्यावर जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला, इतकी ती लोकांच्या जगण्यात उतरली होती. पुढे उत्तर रामायण झालंच. २ ऑक्टोबर १९८८ ला 'महाभारत' आलं. पटकथा-संवाद राही मासूम रझा यांचे, 'समय'चा आवाज हरीश भिमाणी यांचा, श्रीकृष्णाच्या भूमिकेत आपला नितीश भारद्वाज. ते चौऱ्याण्णव भाग चाललं.

आणि मग अकरा वाजता, त्याच पडद्यावर, इतिहास. नेहरूंच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'वर आधारलेली 'भारत एक खोज' त्रेपन्न भागांची होती. तिच्या शीर्षकगीतात ऋग्वेदातलं नासदीय सूक्त होतं. संगीत वनराज भाटियांचं आणि हिंदी अनुवाद मराठी नाटकं हिंदीत नेणाऱ्या वसंत देवांचा. शिवाजी महाराजांच्या भूमिकेत नसीरुद्दीन शाह, औरंगजेबाच्या भूमिकेत ओम पुरी. 'अर्धसत्य'मधल्या रामा शेट्टीमुळे ज्यांना बघून प्रेक्षकांच्या अंगावर काटा यायचा, ते सदाशिव अमरापूरकर इथे महात्मा फुले झाले होते. या मालिकेतही महाभारत येतं, पण तिथे छत्तीसगडच्या तीजनबाई पंडवानी गातात. मुकुट नाहीत, रथ नाहीत, आकाशात आदळणारे बाण नाहीत. हातात तंबुरा घेतलेली एक बाई, आणि तिच्या आवाजात अख्खं कुरुक्षेत्र. नऊ वाजता चोप्रांचं महाभारत बघणाऱ्या घरांत, त्याच हिवाळ्यात, अकरा वाजता हेही महाभारत आलं. एकच कथा किती तऱ्हांनी सांगता येते, हे कुणी वर्गात बसवून शिकवलं नाही; टीव्ही बंद करायचा राहून गेला म्हणून ते घरात आलं.

हे 'राहून जाणं' फार मोलाचं होतं. एका कार्यक्रमासाठी बसलेला माणूस दुसरा कार्यक्रम बघायचा. दिवसाची आखणी करणाऱ्यांनी हे ओळखूनच लोकप्रिय मालिकेच्या मागे इतिहास लावला होता की तो नुसता योग होता, यावर वाद घालता येईल. परिणामाबद्दल वाद नाही.

आता दुपार.

मूकबधिरांच्या बातम्या ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाल्या. आठवड्यातून एकदा, रविवारी. ऐकू येणाऱ्या लाखो घरांत त्या लागायच्या. बऱ्याच मुलांनी खुणांची भाषा पहिल्यांदा तिथेच पाहिली. काहींनी तिची नक्कल केली, काहींनी त्यातल्या दोन-चार खुणा खरोखर उचलल्या. पण मुद्दा ऐकू येणाऱ्यांचा नाही. ज्या घरात मूकबधिर मूल होतं, त्या घरात त्या काही मिनिटांपुरतं ते मूल मध्यभागी यायचं. इतर वेळी त्याला कुणीतरी समजावून सांगायचं; त्या वेळी बातमी थेट त्याला सांगितली जायची, आणि देशभर सगळ्यांच्या देखत. ही वेळ जाहिरातदारांच्या दृष्टीने कवडीमोल असेल. तरीही ती दिली गेली, रविवारी दिली गेली, आणि सगळे घरी असतात अशा वेळी दिली गेली. या निर्णयामागे असलेल्या अनाम अधिकाऱ्यांचे आभार कुणी मानल्याचं दिसत नाही, म्हणून इथे मानायला हवेत.

आणि मग चित्रपट. रविवारी दुपारी दूरदर्शन निरनिराळ्या भारतीय भाषांमधले चित्रपट दाखवायचं, आणि त्यांत राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या चित्रपटांना मान असायचा. महाराष्ट्रातल्या रविवारच्या दुपारची चाल सर्वांना ठाऊक आहे. मटणाचा रस्सा किंवा श्रीखंड-पुरी झालेली, डोळे जड, पंखा फिरतोय. त्यात पडद्यावर एक माणूस शेताच्या बांधावरून चालतोय, चालतोय, आणि संवाद नाही. निम्मं घर घोरत असायचं. पण एखादा जागा असायचा. बारावीतला मुलगा, वाचनालयात काम करणारी बाई, निवृत्त मास्तर. त्या एकासाठी हा चित्रपट होता.

त्या काळात असे चित्रपट बघायचे तर फिल्म सोसायटी लागायची. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ होतं, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूट. परभणीत, गोंदियात, सांगोल्यात काय होतं? तिथे थिएटरात तीन महिन्यांनी उतरलेला हिंदी चित्रपट आणि जत्रेतला तंबू. अडूर गोपालकृष्णन, गिरीश कासरवल्ली, मृणाल सेन, जाहनू बरुआ ही नावं अशा गावांपर्यंत पोहोचवू शकेल असा एकच मार्ग होता, आणि तो रविवारी दीडच्या सुमारास उघडायचा. त्याला तिकीट नव्हतं, सभासदत्व नव्हतं, इंग्रजी मासिकात वाचलेलं असण्याची अट नव्हती.

शिवाय या चित्रपटांच्या निर्मात्यांना दूरदर्शनकडून प्रक्षेपणाचं मानधन मिळायचं. ज्या चित्रपटाला आपल्याच राज्यात धड थिएटर मिळत नव्हतं, त्याच्यासाठी ही रक्कम म्हणजे पुढचा चित्रपट काढण्याची शक्यता होती. एकाच निर्णयातून प्रेक्षकाला चित्रपट आणि चित्रपटकाराला आधार मिळत होता. अशी कमी खर्चाची आणि सरळ सांस्कृतिक योजना नंतरच्या काळात फारशी दिसली नाही.

या दुपारचं मूळ शोधायचं तर दूरदर्शनच्या पहिल्या काळात जावं लागतं. १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. २६ जानेवारी १९६७ ला 'कृषिदर्शन' आलं ते दिल्लीच्या आसपासच्या ऐंशी गावांसाठी. १९७५-७६ मध्ये, विक्रम साराभाईंनी पाहिलेल्या स्वप्नाप्रमाणे, अमेरिकेकडून वर्षभरासाठी घेतलेल्या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या २,४०० गावांपर्यंत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम गेले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि 'आमची माती आमची माणसं'ने शेतकऱ्याला शहरातल्या दिवाणखान्यात आणून बसवलं. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी वर्ग दुपारच्या वेळी भरू लागले. कॉलेजला न जाता आलेल्या मुलींनी घरकाम उरकून ते पाहिले असतील, तर ती वेळ नेमकी त्यांच्या सोयीची होती. टीव्हीचा संच विकत घेणारा वर्ग वेगळा आणि टीव्हीची गरज असलेला वर्ग वेगळा, ही जाण त्या माध्यमाच्या पायातच होती. १९७६ मध्ये जाहिराती आल्या, १९८४ मध्ये 'हम लोग'पासून प्रायोजित मालिका आल्या, तरी ती जाण लगेच पुसली गेली नाही. रविवारची दुपार हा तिचाच वारसा.

इथे कुणी म्हणेल, दूरदर्शनचं एवढं गुणगान कशाला? तेव्हाच्या बातम्या सरकारच्या ताटाखालचं मांजर होत्या, हे विसरायचं का? विसरायचं नाहीच. ३१ ऑक्टोबर १९८४ ला पंतप्रधानांच्या हत्येची बातमी देशाने आधी बीबीसीवरून ऐकली. आपल्या वाहिनीवर ती संध्याकाळी आली. राजीव गांधींच्या काळात दूरदर्शनला 'राजीव दर्शन' म्हटलं जाई, आणि त्यात तथ्य होतं. १९७८ मध्ये वर्गीस समितीने स्वायत्ततेची शिफारस केली, प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये झाला, आणि तो अमलात यायला १५ सप्टेंबर १९९७ उजाडला. ही दिरंगाई सर्व पक्षांची आहे.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हारी लागणारा आहे, आणि तो मराठी माणसाने तर घ्यायलाच हवा. राष्ट्रीय कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८२ ला, रंगीत प्रक्षेपणाबरोबरच, सुरू झाला. दोन वर्षांनी देशभर प्रक्षेपक उभारण्याची अशी घाई झाली, की काही महिने जवळजवळ रोज एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता. पुण्याला सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे मुंबईचे मराठी कार्यक्रम दिसत. पण महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांच्या गावी बसवलेले छोटे प्रक्षेपक उपग्रहावरून थेट दिल्लीचा कार्यक्रम उचलत. म्हणजे टीव्ही आला, पण मराठी आली नाही. मुंबईत 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'चिमणराव' गाजत होते, तेव्हा राज्याचा मोठा भाग त्यांच्यापासून लांब होता. प्रा. पी. सी. जोशी यांच्या समितीने १९८५ च्या अहवालात भारतीय दूरचित्रवाणीला स्वतःचं भारतीय व्यक्तिमत्त्व हवं, असं सांगितलं. त्या अहवालाचं नावच तसं होतं. दिल्लीतून सगळ्या देशाला एक भाषा, एक चव वाढायची, हा दोष त्या वाहिनीत होता, आणि दुपारच्या प्रादेशिक चित्रपटाने तो भरून निघत नव्हता.

पण नीट पाहिलं तर त्या अख्ख्या दिवसात इतर भाषांना राष्ट्रीय पडद्यावर स्वतःच्या आवाजात बोलण्याची मुभा होती ती दुपारीच. डब केलेली नव्हे, मूळ आवाजात. कन्नड बाई कन्नडमध्ये रडायची, मणिपुरी आई मणिपुरीत लेकराला हाका मारायची. मराठी चित्रपट त्या वेळेत लागला, की त्याच न्यायाने आसाम-ओडिशातल्या घरांत मराठी ऐकू जायची. हिंदीचा वरचष्मा असलेल्या वाहिनीत ही एकच खिडकी होती, आणि ती लहान होती ही तक्रार खरी आहे. तक्रार खिडकी मोठी करण्यासाठी असायला हवी होती. झालं असं की नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या, दूरदर्शनला त्यांच्याशी प्रेक्षकसंख्येच्या शर्यतीत उतरवण्यात आलं, आणि रविवारच्या दुपारचा तो मान गेला. सकाळसाठी संप झाला होता. दुपारसाठी मोर्चा निघाल्याचं कुणाच्या आठवणीत नाही.

त्या खिडकीला एक काच मात्र धुरकट होती, हे सांगायलाच हवं. सबटायटल्स इंग्रजीत असत. चौदा इंची, कृष्णधवल पडद्यावर ती पांढरी अक्षरं पांढऱ्या धोतरावर आली की दिसेनाशी होत, आणि ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांच्यासाठी ती असून नसल्यासारखी होती. खेड्यातल्या घरात ती वाचू शकणारा कदाचित शाळेत जाणारा एखादाच. मराठी प्रेक्षकाला मल्याळम चित्रपट मराठी अक्षरांतून दाखवावा, हे त्या काळच्या तंत्राला अवघड होतं आणि व्यवस्थेला सुचलंही नसावं. आज ते अवघड राहिलेलं नाही. ही चूक दुरुस्त करण्याची संधी आता आहे.

कारण जुना रविवार परत आणता येतो, हे सरकारनेच दाखवून दिलं आहे. करोनाच्या टाळेबंदीत, २८ मार्च २०२० पासून, 'रामायण' पुन्हा सुरू झालं. घोषणा तेव्हाचे माहिती आणि प्रसारण मंत्री प्रकाश जावडेकर यांनी केली होती. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचं दूरदर्शनने जाहीर केलं, आणि हा जागतिक विक्रम असल्याचंही. पाठोपाठ 'महाभारत', 'शक्तिमान', 'सर्कस', 'ब्योमकेश बक्षी' आले. लोक घरात अडकले होते, भ्यायलेले होते, आणि या मालिकांनी त्यांना धीर दिला. ते योग्यच झालं. पण तेव्हाही परत आली ती सकाळ. दुपारचं नाव कुणी काढलं नाही, आणि मागणीही कुणी केली नाही, कारण आपल्या आठवणीतच ती उरलेली नाही.

आज इतर भाषांमधले चित्रपट बघायला अडचण काय, मोबाईलवर सगळं मिळतं, असं शहरातला वाचक म्हणेल. करोनाच्या काळात मल्याळम चित्रपटांचा मराठी चाहतावर्ग वाढला, हे खरंच आहे. पण तिथे महिन्याचं भाडं आहे, इंटरनेटचा खर्च आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काय बघायचं हे आधी ठाऊक असावं लागतं. यंत्र तुम्हाला कालच्यासारखंच आज सुचवतं. 'महाभारता'साठी बसलेल्या माणसापुढे तीजनबाई आणून बसवायचं काम ते करत नाही. दूरदर्शननेही वेगळा मार्ग धरला: संस्कृतीसाठी २००२ मध्ये 'डीडी भारती', शेतकऱ्यांसाठी २०१५ मध्ये 'डीडी किसान'. प्रत्येकाला स्वतंत्र खोली मिळाली, ही सोय झाली. सगळे ज्या ओसरीवर एकत्र बसायचे ती मात्र रिकामी झाली. संस्कृतीची वाहिनी लावतो तो आधीच संस्कृतीचा चाहता असतो.

मग करायचं काय, याचं उत्तर अगदी व्यवहारातलं आहे. राष्ट्रीय वाहिनीवर रविवारी दुपारी एका भारतीय भाषेतला एक चित्रपट, मूळ आवाजात. ठरलेली वेळ, जी क्रिकेटसाठी किंवा भाषणासाठी हलणार नाही. त्याच वेळी 'सह्याद्री'वर तोच चित्रपट मराठी सबटायटल्ससह, बंगळूरच्या 'चंदना'वर कन्नड सबटायटल्ससह. आधी पाच मिनिटं त्या चित्रपटाबद्दल कुणीतरी जाणकाराने बोलावं. आणि त्याच्या अगोदर खुणांच्या भाषेतलं बातमीपत्र, त्याच जुन्या जागी, राष्ट्रीय वाहिनीच्या मध्यावर.

चित्रपट कुठून आणायचे, हा प्रश्न तर उरलेलाच नाही. १९६४ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर उभं आहे, आणि तिथला ठेवा जनतेच्या पैशाने सांभाळला जातो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ला २०१६ चं सुवर्णकमळ मिळालं. पुरस्काराची बातमी वाचलेल्या किती मराठी घरांत तो चित्रपट पोहोचला? मुंबईतल्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जी. अरविंदन यांचा मल्याळम 'थम्प' आणि अरिबम श्याम शर्मा यांचा मणिपुरी 'इशानौ' नव्याने जतन केले, आणि २०२२ व २०२३ मध्ये ते कान महोत्सवात दाखवले गेले. गिरीश कासरवल्लींचा 'घटश्राद्ध' तसाच २०२४ मध्ये व्हेनिसला गेला. फ्रान्स आणि इटलीतल्या प्रेक्षकांनी हे चित्रपट स्वच्छ, उजळ प्रतींत पाहिले. परभणीच्या, गोंदियाच्या, सांगोल्याच्या प्रेक्षकांना ते येत्या रविवारी दुपारी, मराठी अक्षरांसह, घरबसल्या दाखवण्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी वाहिनी लागत नाही. प्रसार भारतीने वेळापत्रकातली एक जागा मोकळी करायची, आणि हक्कांचा रास्त मोबदला संबंधितांना द्यायचा, एवढंच.